हात न लावता

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडच्या माळ्यावर महानंदा दोन वर्षं एक नॉब धरून बसली होती.

गंमत बघा, यंत्र तिनंच आखलेलं. प्रकाशानंच प्रकाशाला अडवायचं, सोडायचं. मधे विजेची लुडबुड नाही. चिपवर केसाच्या जाडीत मावेल एवढं कडं. दोन्हीकडून उजेड आला तरच पुढं सोडणार, एकीकडूनच आला तर अडवणार. पण कडं भलतंच नाजूक. जरा ऊब वाढली की बिघडलं, खाली कारखान्यात प्रेस आदळला की उजेड ढळला. हे आपोआप सावरणारी जोडणी करायला महिना हवा होता. यंत्र बघायला पहिले पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी हीच शहाणी बोलली होती, "उद्यापुरतं मी हातानं सांभाळते, सर."

तो उद्या काही संपला नाही. आयता हात मिळाल्यावर जोडणीला महिना कोण देतो? मालक प्रवीणकुमार तर मुळीच नाही.

सोमवारी तिला बेळगावात पॉलिटेक्निकवर शिकवायला रुजू व्हायचं होतं. मूळ प्रमाणपत्रं दाखवल्याशिवाय घेणार नव्हते, आणि ती तर इथं कामावर घेतानाच प्रवीणकुमारनं कपाटात कोंबलेली. असं ठेवून घेणं बेकायदेशीर, हे दोघांनाही ठाऊक. किल्ली मात्र एकाच्याच खिशात.

"आज शुक्रवार, सर. सोडा की आता."

"आजचा डेमो होऊ दे, अक्का. स्वल्प दम धर. मग मीच बसमध्ये बसवतो."

"मागल्या खेपेलाही बसवतच होतात."

"तोंड फार चालतंय तुझं. हात चालव." त्यानं पडदा ओढला.

पाहुणी एकच होती, पैसे लावणारी सुप्रीता मॅडम.

"बघा मॅडम, माणसाचा हातसुद्धा लागत नाही!" प्रवीणकुमारचा आवाज आला.

पडद्याआड महानंदाची बोटं मीटरच्या काट्यामागं धावत होती. हात लागत नाही म्हणे! मग खांद्याला लोंबतंय ते काय, पडवळ?

तिनं हात उचलला आणि मांडीवर ठेवला. खाली प्रेस आदळला. काटा कोसळला, बाहेर मॅडमसमोरच्या स्क्रीनवर अंधार.

सुप्रीतानं पडदा सर्रकन सारला. "आपण कोण?"

"मी? यांचं ऑटोमॅटिक."

प्रवीणकुमारचं तोंड बघण्यासारखं झालं. सुप्रीता मात्र खुर्ची ओढून बसली, खोदून खोदून विचारत राहिली. महानंदानं काही लपवलं नाही. जोडणीचे कागद तयार आहेत, महिन्याभरात कुणीही करेल, हेही सांगितलं.

"यंत्र खरं आहे," सुप्रीता उठत प्रवीणकुमारला म्हणाली. "खोटे तुम्ही."

दोन वर्षांत पहिल्यांदा महानंदानं छातीभर श्वास घेतला.

"पैसे लावते मी. पण या बाई तीन वर्षं इथून हलता कामा नयेत. तसं लिहून द्या."

"सरी मॅडम, सरी! लगेच लिहून देतो!" प्रवीणकुमारनं खिशातली किल्ली चाचपली.

"मला विचारलंत का कुणी?" महानंदा ओरडली.

तेवढ्यात खाली प्रेस आदळला. काटा ढळला. आणि तिनं काही ठरवायच्या आत तिचा हरामखोर हात नॉबवर जाऊन बसला होता.