तबकडी कुठलीही जिंको

"ब्लू-रेच जिंकणार!" चार्लीकाकाने टेबलावर हात आपटला. "कालच एका मोठ्या सिनेमा कंपनीने पक्ष बदललाय. एचडी डीव्हीडी मेली म्हणून समजा. आणि ही पोरगी एक्सबॉक्स मागते! बुडत्या बोटीत कुणी पाय ठेवतं का?"

पंधरावा वाढदिवस माझा. आमच्या सगळ्या व्हेला घराण्याची मिळून एक भेट, आणि गेमचं यंत्र मीच निवडायचं, हे बाबाने नाताळातच कबूल केलेलं. पण ऑस्ट्रेलियातल्या या मॅकायमध्ये आमच्याकडे रविवारचं जेवण म्हणजे भर पंचायत. सिनेमाच्या दोन नव्या तबकड्यांत तेव्हा युद्ध चाललेलं: ब्लू-रे प्लेस्टेशनवर चालायची, एचडी डीव्हीडी एक्सबॉक्सच्या गोटात.

मला एक्सबॉक्सच हवा होता, ब्रायोनीसाठी. तिच्या बाबांना खाणीत नोकरी लागली आणि माझी एकुलती एक जिवाची मैत्रीण देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीला गेली. तिच्याकडे एक्सबॉक्स आहे. प्लेस्टेशनवरून तिच्याशी खेळताच येत नाही. म्हणजे प्लेस्टेशन घेतलं की ब्रायोनी गेली!

गेल्या वर्षीची मी असते, तर ताटात डोकं खुपसून बसले असते. आता? छे!

"काका, एक्सबॉक्सचे गेम साध्या डीव्हीडीवर येतात. एचडीचे सिनेमे लावायचा डबा वेगळा घ्यावा लागतो. तो मी घेणारच नाहीये."

"ऐका! आता ही मला शिकवणार."

"शिकवते की. फी नको."

आई फिसकन हसली. काकाचे कान लाल झाले. "अगं, मग आम्ही सिनेमे कशावर बघायचे?"

"हं, आता कसं खरं बोललास! वाढदिवस माझा आणि सिनेमे तुझे?"

दुसऱ्या दिवशी दुकानात काका न बोलावता हजर. काउंटरवरच्या माणसाने बाबाला विचारलं, "कुठलं देऊ?" काकाचं बोट लगेच प्लेस्टेशनकडे. मी सरळ मध्ये जाऊन उभी राहिले.

"इकडे बघून विचारा. खेळणार मी आहे. एक्सबॉक्स द्या."

बाबाने काकाचं बोट धरून खाली केलं. "दे बाबा तिला. शब्द दिलाय मी."

"महिन्याभरात रडत येशील, मारिसा," काका म्हणाला.

"वाट बघ!"

फेब्रुवारीत एचडी डीव्हीडीने खरंच मान टाकली. काकाचा फोन आलाच. आवाजात नुसती दिवाळी!

"काय गं, हरलीस ना?"

एका कानाला फोन, दुसऱ्या कानातल्या हेडफोनमधून कालगुर्लीची ब्रायोनी ओरडतेय, "मारिसा, डावीकडे! डावीकडे बघ!"

"नंतर बोल रे काका," मी म्हटलं, "आत्ता आम्ही दोघी जिंकतोय." आणि फोन ठेवून दिला.