अव्वाचे पाय पोळत नव्हते

माझी आई कमलम्मा, आमची अव्वा, पायात चप्पल घालत नव्हती. भूलतज्ज्ञाच्या शिक्षणाला मला प्रवेश मिळावा म्हणून तिनं सोलापूरच्या सिद्धरामाला नवस केला होता, पोराचं काम होऊ दे, दर सोमवारी अनवाणी दर्शनाला येईन. प्रवेश माझ्या मार्कांवर मिळाला, हे मी तिला दहादा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि चपला शेजारच्या शरणम्माला देऊन टाकल्या.

बारा वर्षं ती आमच्या गावाहून, वळसंगहून, एसटीनं सोलापूरला यायची आणि स्टँडपासून देवळापर्यंत चालत जायची. एप्रिलात इथला डांबरी रस्ता काय असतो, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. चार वर्षांपूर्वी अव्वा म्हणाली, "शिवा, आता चटकाच बसत न्हाय बघ. सिद्धरामानं पायाखाली हात धरलाय."

गावभर झालं. शरणम्मा तिच्या पायांवर डोकं ठेवायला लागली, मग तिच्या सुनाही. आणि मी? सोडियम आत शिरलं तरच मज्जातंतूतून वेदनेचा निरोप पुढे जातो, आमचं औषध ती वाटच बुजवतं, असं रोज फळ्यावर काढून शिकवणारा मी, स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगत सुटलो की आमच्या अव्वाला उन्हाचा चटका बसत नाही! कुठल्याही पेशंटची शुगर बघितल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. अव्वाची एकदाही बघितली नाही. माझ्यासारखा गाढव शोधून सापडणार नाही.

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीचा, जगदेवीचा, फोन आला. अव्वाच्या पायाला वास येत होता. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. कधी, ते तिलाच ठाऊक नव्हतं. शुगर साडेचारशे निघाली; पायातल्या नसा शुगरनं कधीच मारून टाकल्या होत्या. "कळलंच न्हाय रे," अव्वा खाली बघून म्हणाली, जणू गुन्हा तिचाच होता.

सर्जन उदयसिंह माझा मित्र. तो म्हणाला, "उघडून बघतो. हाड शाबूत असेल तर पाय वाचेल. भूल दुसरं कुणीतरी देईल, तू बाहेर बस." मी त्याच्यावर खेकसलो आणि हातमोजे चढवले.

घोट्याभोवती पाच ठिकाणी सुई टोचावी लागते. पहिल्याच सुईला भलेभले पाय आखडून घेतात. अव्वाचा पाय हलला नाही. दुसरीला नाही, तिसरीलाही नाही. ओरड की गं, मला शिवी दे, असं मी मनातल्या मनात तिला विनवत होतो.

"दुखलं तर सांग, अव्वा."

"न्हाय दुखत. तू जपून टोचतोस की."

उदयसिंहनं मधे हिरवा पडदा लावला आणि कामाला सुरुवात केली. मी तिच्या उशाशी बसलो. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिनं विचारलं, "काय असतं रे त्या सुईत?"

"नसेला बारीक बारीक दारं असतात. मिठात असतं ना, त्यातलं थोडं त्या दारातनं आत गेलं, की दुखल्याची बातमी डोक्यात पोचती. हे औषध त्या दारातच अडकून बसतं. मग बातमी जात न्हाय."

"आन मग?"

"दोन तासांनी औषध निघून जातं. दारं परत उघडतात."

तेवढ्यात उदयसिंहनं मान वर केली. गुडघ्याच्या खाली, नडगीवर, बोटानं एक आडवी रेघ ओढून दाखवली. मी नुसती मान हलवली.

पडद्याअलीकडे अव्वाचा चेहरा एकदम उजळला होता. "म्हंजे माझी बी दारंच बंद पडली व्हती व्हय! आन मी येडी, मला वाटलं पायच मेला." तिनं माझा हात घट्ट धरला. "मग आता दोन तासांनी माझा पाय मला कळंल की रे?"

"व्हय, अव्वा," मी म्हणालो. "कळंल."

तिनं मान वळवली आणि मला विचारलं, "किती वाजल्यात रे?"