विवराला कुलूप

भाची चंद्रावरचा बर्फ वितळवायचं यंत्र बनवत होती. कंपनी ते एका खोल विवरात उतरवणार होती आणि त्या विवरात दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देणार नव्हती. हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं. म्हणून रविवारची मिस्सा आटोपल्यावर तिने मामांना चर्चच्या मागच्या खोलीत गाठलं. मामा धर्मगुरू, घरात सगळे त्यांना फादरमामा म्हणत.

"मामा, चंद्रावरचं पाणी कुणाचं?"

झगा खुंटीला अडकवता अडकवता ते थबकले. "आधी सांग, काढलं तर पुन्हा भरतं का?"

"नाही. युगानुयुगं साचलेलं आहे."

"चव कशी असेल गं?"

"मामा!"

"बरं, बरं." ते खुर्ची ओढून बसले. "चर्च मालकीला नाही म्हणत नाही. राबणाऱ्याला फळ मिळायलाच हवं. पण देवाने सृष्टी दिली ती सगळ्यांना मिळून; मालकी त्यानंतरची. काढलेलं पाणी खुशाल विका. विवरालाच कुलूप म्हटलं की माझं घोडं अडतं." मग जरा पुढे झुकून म्हणाले, "समजा, शेजारी दुसऱ्यांची माणसं उतरली आणि त्यांचं पाणी संपलं. तुमच्या यंत्रापाशी आली, तर पितील कुठून?"

भाचीने मनातल्या मनात आराखडा आठवून पाहिला. यंत्राला बाहेरून तोटीच नव्हती. पाणी थेट कंपनीच्या टाकीत.

"हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्याही आत्ताच आलं," मामा हसले. "आम्हाला शिकवलं तेव्हा चंद्र अभ्यासक्रमात नव्हता!"

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांपुढे बाहेरच्या तोटीचा विषय काढला.

"वजन वाढेल," साहेब म्हणाले. "आणि आपण काय पाणपोई घालायला निघालोय?"

"अडल्यानडल्यापुरती, सर. उद्या आपलीच माणसं अडकली तर?"

साहेबांनी बराच वेळ आराखडा न्याहाळला. तोटीला हो म्हणाले. विवरावरचा हक्क मात्र सोडेनात.

तिने मामांना फोन लावला. "अर्धंच जमलं."

"उरलेल्या अर्ध्यासाठी भांडत राहा. पण काय गं, तुमची तोटी त्यांच्या नळीला बसेल?"

भाचीने कपाळावर हात मारला. साहेबांची परवानगी काढून तिने चंद्रावर उतरू पाहणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला आणि नळीचं माप विचारलं. पलीकडून हसू ऐकू आलं.

"चेष्टा करताय?"

"नाही हो. तुम्हाला तहान लागली तर म्हणून."

"थांबा," तो म्हणाला, "मोजूनच सांगतो."