गळ्याच्या मापाने

निळा मणी चिमट्याच्या टोकावर थांबला होता, खसखशीपेक्षा जरासाच मोठा, आणि ऊर्मिलाच्या मनात काहीच येत नव्हतं. बाकीचे मणी ट्रेमध्ये सुटे पडले होते. कॅनडातल्या स्टोनी लोकांचा हा हार कित्येक वर्षं श्टुटगार्टच्या या संग्रहालयात होता, आता माघारी जाणार होता, आणि त्याआधी कुजलेला दोरा बदलून तो पुन्हा ओवायचं काम तिच्याकडे आलं होतं. ओवणं तिला छान जमतं. दुसऱ्यांचं.

स्वतःचं पर्समध्ये, रुमालात बांधलेलं — काळे मणी, दोन वाट्या. स्वेटर काढताना अडकलं आणि गेलं. फोनवर आईला ‘तुटलं’ म्हणायला जीभ रेटेना, तसं म्हणत नाहीत; ‘वाढवलं’ म्हणाली. “अगंबाई! आजच्या आज गाठवून घे,” आई म्हणाली, आणि जरा थांबून, “हृषिकेशराव बरे आहेत ना?” बरे आहेत. नेकारसुल्मला वेगळी वोनुंग, म्हणजे फ्लॅट, घेऊन अगदी मजेत आहेत, हे आईला कुठे ठाऊक... वाढवलं म्हणे! काय वाढलं, ते तरी सांगा कुणीतरी.

आज संध्याकाळी हृषिकेश उत्तर घ्यायला येणार होता. पुन्हा एकत्र राहायचं की नाही. “हो म्हण, नाही म्हण, पण काहीतरी बोल, ऊर्मी.” तिला दोन्ही शब्द सारखेच बेचव लागत होते. निदान राग यावा म्हणून तिने जुनी भांडणं आठवून पाहिली, पण तोही आला नाही मेला.

हार न्यायला आलेल्या रॉबर्टाबाईंना घेऊन विभागप्रमुख क्राउसबाई आत आल्या. टेबलावरच्या मणीकाम केलेल्या अंगरख्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आणि हा कॉश्च्युम.”

“कॉश्च्युम तुमच्या फाशिंगच्या कार्निव्हलला घालतात,” रॉबर्टाबाई म्हणाल्या. “हे आमचं लेणं आहे. हे घालून आम्ही नाचतो.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” क्राउसबाई लालेलाल झाल्या.

रॉबर्टाबाईंनी ट्रे पाहिला, सुईत ओवलेला नवा दोरा पाहिला. “ओवू नकोस.”

“पण तुटलेलाच कसा पाठवायचा?”

“सुटे मणी दे. माझ्या भाचीला घालायचाय. आपला गळा मापून ती ओवेल. दुसऱ्याच्या मापाचा टोचतो.”

ऊर्मिलाने सुई खाली ठेवली. हात उगाच गळ्याशी गेला — मोकळ्या. मंगळसूत्राची लांबी सासूबाईंनी पसंत केली होती, सराफाने ते दुकानातल्या मुलीच्या गळ्याला लावून दाखवलं होतं, आणि सगळे म्हणाले होते, छान दिसतंय. मानेला टोचायचं. होईल सवय, सासूबाई म्हणाल्या... झालीही. माझा गळा कुणी मापला होता का? मी तरी?

फोन थरथरला. हृषिकेश : निघालोय.

तिने चिमट्यातला मणी हळूच ट्रेमध्ये इतरांजवळ ठेवला, आणि तेवढ्यात घशात काहीतरी दाटून आलं, बारीकसं, खुपणारं. ती गिळायला गेली, गिळवेना. दुखतंय, तिने नवलाने स्वतःला सांगितलं. अगं, दुखतंय की.