थेट दुसरं वर्ष

खिडकीच्या गजांतून सोनमने कागदपत्रं आत सरकवली आणि कारकुनाचा शिक्का पडेपर्यंत हात मागे घेतला नाही. धाकट्या बहिणीला, सृष्टीला, सांगलीच्या कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला होता.

सृष्टी वर्ग बघायला जिना चढून पळाली. सोनम भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपाशी रेंगाळली. टेबलांवर भिंगं आणि लंबक मांडून ठेवले होते. कुणी अडवलं नव्हतं, तरी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"सोनम ना गं तू?"

तिने वळून बघितलं. नाथाजी सर. आटपाडीत अकरावी-बारावीला व्होकेशनलच्या वर्गात इलेक्ट्रिकल शिकवणारे. आता निवृत्त होऊन सांगलीतच राहत होते, नातीच्या प्रवेशासाठी आले होते.

"मोटारी भरतेस अजून?"

"व्हय सर. दुकान मीच बघते आता."

दहावीला तिला शहाऐंशी टक्के होते. सायन्स लांब होतं, व्होकेशनल गावात. वडील, आप्पा, म्हणाले, हाताला काम लागतंय, हितंच शिक. मेंढरं सोडून विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात बसलेला त्यांच्या घराण्यातला तो पहिला माणूस. त्यांच्या शब्दाला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. वर्गात ती एकटीच मुलगी, आणि पहिला नंबरही तिचाच. बारावीनंतर हौसेनं इंजिनिअरिंगची चौकशी करायला गेली, तेव्हा खिडकीतला माणूस गुणपत्रिका उलटसुलट करून म्हणाला होता, "ह्यात फिजिक्स, मॅथ्स कुठं हाय?" ती तशीच घरी आली आणि तारेचं वेटोळं हातात घेऊन बसली. त्याला सात वर्षं झाली.

"डिप्लोमाला का गेली नाहीस मग?" सरांनी विचारलं. "व्होकेशनलवाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. तुला तर सहज मिळालं असतं."

"मला कुणी सांगितलंच न्हाई, सर."

"अगं, मी घरी आलो होतो. निकाल लागल्यावर. आप्पासोंना सगळं समजावून..." सर बोलता बोलता थांबले. चष्मा काढून उगाचच पुसू लागले. "तू नव्हतीस तेव्हा घरी."

परतीच्या एसटीत सृष्टी अखंड बोलत होती. सोनम बाहेर बघत होती. ऊस मागे पडला, उघडा माळ सुरू झाला. मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं ती मिटत होती. डिप्लोमाची दोन वर्षं, पुढं डिग्रीची तीन. दोन वर्षांपूर्वीच सगळं पुरं झालं असतं. तिने मूठ उघडली आणि पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला सुरुवात केली.

दुकानाशी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. सृष्टी तशीच घरात पळाली. आप्पा स्टुलावर बसून जळक्या मोटारीतली जुनी तार उपसत होते. नवी बारीक तार त्यांना दिसत नसे. सोनम बारावीला होती तेव्हापासूनच दिसत नव्हती.

"झालं का पोरीचं?"

"झालं. सायन्सला."

"ब्येस झालं." ते समाधानानं हसले. "कोण भेटलं का वळखीचं?"

सोनमने ओढणी कमरेला खोचली.

"नाथाजी सर भेटले."

पक्कड थांबली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"काय म्हणलं सर?"

"तुमची चौकशी करत हुते. तब्येत बरी हाय का म्हणून."

ती मोटारीसमोर बसली. नव्या तारेखाली घालायच्या कागदाच्या पट्ट्या कापू लागली. आप्पांची नजर तिच्या हातांवर होती.

"वयाची अट न्हाई म्हणं त्याला," ते म्हणाले.

"कशाला?"

"त्या डिप्लोमाला. मागल्या म्हैन्यात इचारून आलोय मी. अजून बी थेट दुसऱ्या वर्षालाच घेत्यात."

कात्री पट्टीच्या मधोमध थांबली. सोनमने मान वर केली नाही. तिने विचारलं,

"आन् आप्पा, दुकान कोण बघनार?"

आप्पांनी पक्कड खाली ठेवली.

"तवा सरास्नी मी ह्येच म्हणलो हुतो गं."