एक गोल, पाच पांदेलिस

आज स्मारोला आपला इतिहासाचा प्रकल्प सगळ्या गावापुढे सांगायचा होता, आणि आजोबा नवा कोट चढवून शाळेच्या सभागृहात पहिल्याच रांगेत ऐटीत बसले होते. तिला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकदम.

गोष्ट साधी. नव्वदेक वर्षांपूर्वी बेटावरची पोरं इंग्रज खलाशांशी फुटबॉल खेळली. जुन्या वर्तमानपत्रात एवढंच छापलेलं: ‘एक-शून्य. गोल : पांदेलिस काराव्हास.’ आता आमच्या ग्रीक बेटावर नातवाला आजोबांचं नाव द्यायचंच. त्यामुळे तेव्हा पांदेलिस काराव्हास होते पाच, सगळे चुलतभाऊ. पाचही घरं आजवर त्या एका गोलावर छाती फुगवून जगली. स्मारोच्या आजोबांच्या तर माशाचा घास त्या गोलाशिवाय घशाखाली उतरत नसे.

“काय सापडलं ते नंतर,” इतिहासाच्या फोतिनीबाई म्हणाल्या. “कसं शोधलंस ते आधी सांग.”

“आधी कॉफीच्या दुकानात विचारलं,” स्मारोनं सुरुवात केली. “पाच उत्तरं मिळाली आणि दोन भांडणं.”

सभागृह खदखदलं.

“मग चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या. एक पांदेलिस तेव्हा चार वर्षांचा होता.”

“चारचा असला तरी दांडगा होता हो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“दुसरा अमेरिकेत होता. तिसरा तुरुंगात.”

“तुरुंगात नाही, चौकीत,” तिसऱ्याची नात फणकारली. “कोंबडीवरून जरा गैरसमज झाला होता.”

उरले दोन : आजोबांचे वडील आणि समोरच्या घरातल्या स्ट्रातोसकाकांचे वडील. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत मिशा पिळू लागले. इथं स्मारोची जीभ अडखळली. ते खलाशी ज्या जहाजावरून आले त्या जहाजाच्या गावी, इंग्लंडातल्या एका छोट्या संग्रहालयाला तिनं विचारलं होतं, आणि गेल्या आठवड्यात तिथून सामन्याचा फोटो आला होता. तिनं तो कुणालाच दाखवला नव्हता. दडवला असता तरी कुणाला कळणार होतं? पण ‘कसं शोधलंस’ याचं उत्तर थापा मारून देता येत नाही. देवाचं नाव घेऊन तिनं तो पडद्यावर लावला.

चेंडू जाळ्यात. जाळ्यापुढे लोळण घेतलेला गोलकीपर, दाढी आणि काळा झगा, म्हणजे आपलेच पाद्रीबाबा. आणि त्यांच्याकडे तोंड करून, पाय अजून हवेत असलेला एक पोरगा. त्याचे कान पातेल्याच्या कड्यांसारखे बाहेर आलेले. असे कान सभागृहात आणखी दोघांनाच होते, आजोबांना आणि स्मारोला.

“आपण हरलो होतो,” ती हळूच म्हणाली. “स्वयंगोल होता. आपल्याच जाळ्यात मारलेला.”



“मी कधीचा सांगतोय,” स्ट्रातोसकाका म्हणाले, “आमचे बाबा त्या दिवशी लग्नाला गेले होते.”

“आमचे तुरुंगातच होते,” तिसऱ्याची नात म्हणाली. “लिहून घे.”

“चार वर्षांचं लेकरू कसलं खेळतंय?” मागचा तो मघाचाच आवाज म्हणाला.

हशा आवरेना. आजोबा उठले. ते पडद्यापाशी गेले, अगदी नाक टेकेल इतके जवळ. त्यांचे वडील बुडाले तेव्हा ते तीन वर्षांचे होते. घरात बापाचा एकच फोटो, नवरदेवाच्या कपड्यातला, खांबासारखा ताठ.

“काय पळायचा, बघा,” आजोबा म्हणाले. डोळे भरून आले होते, आणि ते हसत होते. मग सभागृहाकडे वळून त्यांनी बजावलं, “माझा बाप आहे हा. आता कुणी वाटा मागायला येऊ नका.”