पेन की सलाईन

दोघा भावांचं मटणाचं दुकान होतं. थोरला तोडायचा, धाकटा तोलून द्यायचा. बाप गेल्यापासून बावीस वर्षं हेच चाललं होतं. थोरल्याचा हात असा, की हाडावर सत्तूर एकदाच पडायचा. त्याच हाताला संधिवाताने धरलं. आधी सकाळी बोटं आखडायची, मग मनगटं सुजली, आणि दोन वर्षांत अशी गत झाली की शर्टाची बटणं बायको लावून द्यायची.

बोटं वळेनात तसा त्याचा राग अनावर होत गेला. एकदा एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, "आज तुकडे अगदीच ओबडधोबड पडलेत." थोरल्याने त्याची मानगूट धरली आणि तोंड फरशीच्या कट्ट्यावर आपटलं. दोन दात पडले. धाकट्याने त्या माणसाच्या हातापाया पडून प्रकरण मिटवलं.

गोळ्यांनी भागेना, तेव्हा बायको त्याला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"तुमच्याच शरीरातली फौज तुमच्या सांध्यांवर तुटून पडलीय," बाई म्हणाल्या. "तिला आवरायला दोन इंजेक्शनं आहेत. एक पेनासारखं असतं. फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा घरीच पोटावर टोचायचं. दुसरं सलाईनमधून, इथे येऊन. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, की मग सहा महिने बघायला नको."

"मग सलाईनच द्या. दर आठवड्याला कोण टोचत बसणार?"

"जरा थांबा. फौज आवरली की जखमेशी लढायलाही कोणी उरत नाही. जखम चिघळलीच, तर पेन थांबवता येतं, काही आठवड्यांत अंगातून उतरतं. सलाईन एकदा आत गेलं की त्याचा अंमल महिनोन् महिने राहतो, काढून घेता येत नाही. कामात हाताला कापतं का?"

"छे," थोरला म्हणाला.

बायकोने त्याचा डावा हात उचलला आणि टेबलावर उताणा ठेवला. तळव्यावर ताजी चिकटपट्टी होती, आजूबाजूला जुने वण. थोरल्याने हात हिसकावून घेतला. तिचं कोपर खुर्चीच्या दांड्यावर आदळलं. बाईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "तपासण्या करून घ्या. ठरवून या."

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी धाकट्याने विषय काढला.

"दादा, वहिनीने सांगितलं सगळं. सलाईन घ्यायचं तर सुरी सोड. सुरी सोडवत नसेल तर पेन घे. सुरी आणि सलाईन दोन्ही धरून मरायचंय का?"

"माझ्या जागेवर डोळा आहे तुझा."

"तुझ्या हातून आता कोंबडीसुद्धा धड तुटत नाही. जागा कसली घेऊन बसलास?"

तीन गिऱ्हाइकं ऐकत होती. त्यातलं एक हसलं. थोरल्याने सत्तूर उगारला आणि खरोखर घातला. पण बोटांनी दगा दिला. पातं वळलं आणि धाकट्याच्या खांद्यावर तिरकं बसलं. हाड कडकन वाजलं. धाकटा भिंतीला टेकला, क्षणभर आपल्या रक्ताकडे बघत राहिला, मग समोरची पातळ सुरी उचलून त्याने भावाच्या उजव्या हातात खुपसली, मनगटाच्या वर, सुरीच्या मुठीपर्यंत. थोरला ओरडला नाही. सुरी हातात तशीच असताना त्याने धाकट्याच्या नाकावर डोकं मारलं. दोघे खाली पडले, आणि धाकटा त्याचा गळा आवळू लागला.

गिऱ्हाइकं पळाली. मागच्या घरातून थोरल्याची बायको आली. तिने शटर ओढायची सळई घेतली आणि एकेकाला हाणायला सुरुवात केली. नवऱ्याच्या गुडघ्यावर, दिराच्या पाठीवर, मग पुन्हा नवऱ्याच्या. हात सुटेपर्यंत ती थांबली नाही.

इस्पितळात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. हवालदार आला.

"पाय घसरला," थोरला म्हणाला.

"माझाही," धाकटा म्हणाला.

"दोघांचा एकदमच? फरशी बदला," हवालदार म्हणाला आणि वही मिटून गेला.

धाकट्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. थोरल्याची जखम चौथ्या दिवशी पिकली. हात कोपरापर्यंत फुगला, तापात तो बरळू लागला. दोनदा चिरून पू काढावा लागला. डॉक्टरीणबाई बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अंगात सलाईनचं औषध असतं, तर हात काढावा लागला असता. कदाचित तुम्हीही राहिला नसता."

"पेन लिहा," थोरला म्हणाला.

जखम पूर्ण भरल्यावर पेनं घरी आली. थोरल्याच्या बोटांनी पेनचं बटण दबेना. त्याने बायकोपुढे धरलं.

"मी नाही देणार," ती म्हणाली. "तुमच्यामुळे माझं कोपर अजून दुखतंय. भोसकायचं काम ज्याला येतं त्याला बोलवा."

धाकटा आला. थोरल्याने शर्ट वर केला आणि भिंतीकडे बघत राहिला. धाकट्याने पेन पोटावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं.

"दाब," थोरला म्हणाला. "मी हलत नाही."

खटका वाजला. औषध आत जाईपर्यंत दोघांनी मनातल्या मनात पंधरा आकडे मोजले. धाकटा निघून गेला. पुढच्या आठवड्यात न बोलावता आला.

महिनाभर काही फरक नव्हता. मग सूज उतरू लागली. तिसऱ्या महिन्यात थोरल्याची मूठ वळली आणि तो दुकानात आला. तोडण्याच्या जागी आता धाकटा होता. थोरल्याने खिळ्यावरचा सत्तूर काढायला हात वर केला, तसा धाकटा दचकून मागे सरला आणि एक हात गळ्याजवळच्या हाडावर नेला. मग उगाच हसला, फडकं शोधत असल्यासारखं केलं.

थोरल्याने सत्तूर परत अडकवला.

"तूच तोड. मी काट्यावर बसतो."

"आता तर हात बरा झालाय तुझा."

"म्हणूनच," थोरला म्हणाला, आणि समोरच्या बाईला किती किलो हवं ते विचारलं.